डूडल हुशार असतो म्हणजे नेमका कसा असतो?

दिवाळीच्या आसपास पुण्याहून ताईचा फोन आला. मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरला होता. त्यांच्या सोसायटीत एका घरी कुरळ्या केसांचा डूडल, म्हणजे पूडल आणि दुसऱ्या एखाद्या जातीचा संकर असलेला कुत्रा, आला होता आणि तो खाली उतरला की सगळी पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. ताईने चौकशी केली तेव्हा विकणाऱ्याने तिला सांगितलं, "मॅडम, लॅबचा प्रेमळपणा आणि पूडलचं डोकं, दोन्ही एकाच कुत्र्यात. वर केसही गळत नाहीत." ताईने मला विचारलं, "तुमच्या बुंदीसारखाच असेल ना गं?"

बुंदी ही आमची लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर. चार वर्षांची, गुळाच्या रंगाची. आम्ही मेलबर्नला राहतो, आणि लॅब्राडूडल जगात प्रसिद्ध झाला तो याच शहरातून. ताईच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणं मला जमलं नाही, कारण त्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतले होते. संकर म्हणजे काय होतं, हुशारी कशाला म्हणायचं, स्वभाव कुठून येतो, आणि यातलं किती आपल्या हातात असतं. तिला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलं, तेच इथे सलग मांडते.

सुरुवात सुलतान नावाच्या एका लॅब्राडूडलपासून करायला हवी.

वॉली कॉनरन हे ऑस्ट्रेलियातल्या रॉयल गाईड डॉग्ज संस्थेत पिल्लांच्या पैदाशीचं काम बघत. ही संस्था अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करते. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंनी संस्थेकडे अशा कुत्र्याची मागणी केली. अडचण एकच होती, त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरन यांना वाटलं, पूडलचे केस फारसे गळत नाहीत, तर पूडललाच हे काम शिकवू. जवळपास तीन वर्षं त्यांनी एकामागून एक मोठ्या जातीचे पूडल पारखले. एकही त्या कामाला उतरला नाही. शेवटी त्यांनी संस्थेतली एक लॅब्राडॉर मादी आणि एक मोठा पूडल नर यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिन्ही पिल्लांचे केस आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले. तिघांपैकी फक्त एकाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. तोच सुलतान. साल होतं १९८९.

या गोष्टीतल्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवायच्या. पहिली म्हणजे, मोठा पूडल हा कुत्र्यांच्या हुशारीच्या यादीत अगदी वरचा प्राणी, तरी वाट दाखवायच्या कामात तो एकामागून एक नापास झाला. दुसरी म्हणजे, एकाच आईबापाची, एकाच वेतातली तीन पिल्लं, आणि हवा होता तो गुण एकातच उतरला.

गोष्टीचा उरलेला भाग मला वाईट वाटायला लावणारा आहे. पिल्लं शिकवणीला जाण्याआधी काही महिने कुटुंबांकडे वाढवायला द्यावी लागतात. संकरित पिल्लं घ्यायला कुणी तयार होईना. मग कॉनरन यांनी 'लॅब्राडूडल' हे नाव वापरलं, ते बातम्यांत गेलं, आणि फोन वाजू लागले. पिल्लं तीच होती, फक्त त्यांना नाव मिळालं होतं. पुढे त्या नावावर जगभर जो बाजार उभा राहिला तो पाहून, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीशी बोलताना कॉनरन यांनी या कामाचा पश्चात्ताप होतो असं उघड सांगितलं. गोल्डनडूडल, कॉकापू, कॅव्हापू हीसुद्धा पूडलशी केलेल्या संकरांचीच नावं.

पीठ नव्हे, धान्य

दोन वाट्या ज्वारी आणि दोन वाट्या बाजरी एकत्र दळली की पीठ एकजीव होतं. कुठूनही चिमूट घ्या, सारखीच. विकणारे संकराचं वर्णन या पिठासारखं करतात, अर्धा लॅब, अर्धा पूडल, चव दोन्हीची. पण आनुवंशिकता दळलेल्या पिठासारखी वागत नाही, मिसळलेल्या धान्यासारखी वागते. दाणे एकत्र येतात, पण प्रत्येक दाणा आख्खा राहतो. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये मटारांच्या प्रयोगातून हेच मांडलं होतं.

लॅब आणि पूडलच्या थेट पिल्लाला निम्मी जनुकं आईकडून आणि निम्मी बापाकडून मिळतात, इथवर हिशेब सरळ आहे. पण आईकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि त्यातली कुठली एक पिल्लाला मिळेल हे दर पिल्लागणिक नव्याने ठरतं. शिवाय काही जनुकं एकटी असली तरी आपला परिणाम दाखवतात, काही जोडी जमल्याशिवाय गप्प बसतात. त्यामुळे पहिल्याच पिढीत भावंडं वेगळी दिसतात. या संकरित पिल्लांचा पुढे आपसात संकर झाला की मूठ भरून धान्य उचलल्यासारखं होतं. कुणाच्या मुठीत ज्वारी जास्त, कुणाच्या बाजरी.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो मला स्वतःला कळायला वेळ लागला. केसांचं गणित सोपं आहे, मनाचं फार अवघड.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की कुत्र्यांच्या अंगावरच्या केसांचे बहुतेक प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून समजावता येतात. एक जनुक दाढी-मिशा आणि झुपकेदार भुवया देतं, एक केसांची लांबी ठरवतं, एक कुरळेपणा. त्यामुळे कुणी चिकाटीने कुरळ्या केसांची पिल्लं निवडत गेला तर थोड्याच पिढ्यांत हवे तसे केस हाती येतात. स्वभावाचं तसं नाही. भीती, उत्साह, माणसांची ओढ, शिकण्याची तयारी, यातल्या प्रत्येकामागे असंख्य जनुकं असतात आणि प्रत्येकाचा वाटा किंचित असतो. त्यावर आईचं दूध, पहिले काही आठवडे, घर, आजार, माणसं यांचे थर चढतात. म्हणून केस बघून निवड करत गेलं तर केस मिळतात. मन त्यांच्या मागून आपोआप चालत येत नाही.

ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडल म्हणून पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या कुत्र्यांचे जनुकसंच २०२० मध्ये तपासले गेले, तेव्हा त्यात पूडलचा वाटा लॅबपेक्षा खूपच जास्त निघाला. कारण उघड आहे, पैदास करणारे केसांच्या मागे गेले आणि केस पूडलचे होते. तेव्हा 'अर्धा-अर्धा' हे शब्द ऐकले की आधी विचारावं, कितवी पिढी?

केस न गळण्याचा विषय आलाच आहे तर अ‍ॅलर्जीचंही सांगून टाकते. त्रास केसांमुळे होत नाही. तो कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असणाऱ्या प्रथिनांमुळे होतो, आणि लॅब्राडूडलच्या अंगातही ती प्रथिनं तयार होतातच. नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत लॅब्राडूडल आणि पूडल यांच्या केसांत हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी आढळलं नाही. केस गळत नाहीत त्यामुळे घर झाडायला सोपं जातं, ते खरं. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने मात्र त्याच कुत्र्याजवळ अनेक तास घालवून बघणं, एवढाच मार्ग आहे. कॉनरन यांनी नमुने हवाईला पाठवून हेच केलं होतं.

हुशार, गुणी, चलाख, शहाणा

मुलांबद्दल बोलताना आपण मराठीत हे चार शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. सांगितलेलं ऐकणारा मुलगा गुणी. उंच फळीवरचा डबा स्टूल लावून काढणारा चलाख. कधी काय करू नये हे कळणारा शहाणा. कुत्र्याची वेळ आली की मात्र सगळं 'हुशार' या एका शब्दात कोंबतो, आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

'पूडल दुसऱ्या क्रमांकाचा हुशार कुत्रा' हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे सापडतं. ते मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरन यांच्या १९९४ च्या पुस्तकातून आलं. त्यांनी उत्तर अमेरिकेत आज्ञापालनाच्या स्पर्धांचं परीक्षण करणाऱ्या सुमारे २०० जणांची मतं गोळा केली आणि जातींचे क्रम लावले. बॉर्डर कॉली पहिला, पूडल दुसरा, जर्मन शेफर्ड तिसरा, गोल्डन रिट्रीव्हर चौथा, लॅब सातवा. वरच्या गटातले कुत्रे नवी आज्ञा पाचाहून कमी वेळा सांगून शिकतात, असा त्यांचा निष्कर्ष. यात फसवणूक काही नाही. पण प्रश्न कुणाला विचारला ते बघा. आज्ञापालनाच्या परीक्षकांना. म्हणजे ही यादी गुणी कुत्र्यांची आहे. कोरन यांनी स्वतःच हुशारीचे तीन प्रकार वेगळे मांडले होते. जातीच्या मूळ कामाची उपजत समज, स्वतःहून अडचण सोडवण्याची क्षमता, आणि माणसाकडून शिकण्याची क्षमता. यादी फक्त तिसरीची. बीगल या यादीत खाली सापडतो, पण मातीत उमटलेला वास धरून तासन्‌तास माग काढायला सांगा, पूडल त्याच्या जवळपास यायचा नाही.

शिकण्याची क्षमता कुठवर जाऊ शकते याचं थक्क करणारं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधली चेसर ही बॉर्डर कॉली. मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी तिला १,०२२ खेळण्यांची वेगवेगळी नावं शिकवली. पण पिली यांनी त्यासाठी रोज कित्येक तास, अशी वर्षं दिली होती, हेही त्याच गोष्टीत आहे. चेसरची हुशारी तिच्या डोक्यात होती तितकीच तिला मिळालेल्या वेळात होती.

आता शहाणपण. वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला शंभर आज्ञा पाळता आल्या तरी पुरत नाही. मालकाने 'पुढे चल' म्हटलं आणि समोरून आवाज न करता गाडी येत असेल तर त्याने जागचं हलायचं नाही. आज्ञा मोडायची. या प्रशिक्षणात याला समजून-उमजून केलेली अवज्ञा मानतात आणि ती फार मोलाची धरतात. त्यासाठी डोकं शांत लागतं, आवाजाने बिथरून चालत नाही, आणि मालक रागावेल या धास्तीपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा लागतो. पूडल माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ न रेघ वाचतो. चटकन शिकतो, आणि तितकाच चटकन अस्वस्थही होऊ शकतो. चटकन शिकणं आणि गर्दीच्या चौकात शांत उभं राहणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक प्रयोग मला आवडतो. हंगेरीतल्या संशोधकांनी २००३ च्या सुमारास कुत्रे आणि माणसांनी हाताने वाढवलेले लांडगे यांच्यासमोर खाऊ ठेवला, पण तो मिळणं अशक्य करून ठेवलं. लांडगे झटापट करत राहिले. कुत्र्यांनी थोडा प्रयत्न केला आणि मग मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. यात लांडगा चलाख की कुत्रा हुशार? माझ्या मते मदत कुठून मिळेल हे ओळखणं हीसुद्धा अक्कलच आहे. बुंदीचा चेंडू सोफ्याखाली गेला की ती एकदाच पंजा घालते, मग माझ्यासमोर येऊन बसते आणि सोफ्याकडे बघते, माझ्याकडे बघते, पुन्हा सोफ्याकडे.

ही समज काही महागड्या पिल्लांचीच नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना दोन झाकलेल्या भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवलं. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. कित्येक कुत्रे घाबरून जवळच आले नाहीत. पण जे आले त्यातले सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडे गेले. कुणी शिकवलं नव्हतं, कुणाचे ते पाळलेले नव्हते. आपल्या गल्लीतला कुत्रा हा दोन जातींचा संकर नव्हे. आज ज्यांना आपण जाती म्हणतो त्यातल्या बहुतेक घडण्याआधीपासून तो माणसाच्या उंबरठ्याशी राहत आला आहे. ताईला मी हे मुद्दाम सांगितलं.

भुकेचाही हात

लॅबच्या शिकण्याबद्दल २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट शोधली. पोट भरल्याची जाणीव मेंदूला करून देणाऱ्या यंत्रणेत पीओएमसी नावाचं एक जनुक असतं. सुमारे चारातल्या एका लॅबमध्ये या जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळला. असा कुत्रा खाऊसाठी जास्त आसुसलेला असतो आणि त्याचं वजनही सहज वाढतं. खरी गंमत पुढे आहे. अपंगांना मदत करणारे कुत्रे पैदा करण्यासाठी ज्या लॅबची निवड झाली होती, त्यांच्यात हा बदल चारातल्या तिघांमध्ये निघाला.

प्रशिक्षण खाऊच्या तुकड्यांवर चालतं. ज्याला खाऊची ओढ जास्त तो जास्त मन लावून शिकतो, आणि निवडणारी माणसं पिढ्यानपिढ्या 'हा किती छान शिकतो' म्हणत नकळत भूक निवडत गेली असावीत. ज्या लॅबमध्ये अशी एक प्रत आहे त्याच्या संकरित पिल्लांपैकी साधारण निम्म्यांकडे ती जाते. म्हणजे एकाच वेतातली दोन डूडल पिल्लं, एक बिस्किटाच्या तुकड्यासाठी दहा वेळा 'बस' करेल, दुसरं तुकडा हुंगून खिडकीशी जाऊन उभं राहील. आपण पहिल्याला हुशार म्हणू आणि दुसऱ्याला हट्टी. दुसऱ्याला कदाचित फक्त चेंडू हवा असेल. बुंदी या दुसऱ्या प्रकारातली. पहिले दोन महिने मी तिला चीजचे तुकडे दाखवत होते आणि ती ढिम्म हलत नव्हती. एका शेजारणीने सांगितलं, खाऊ ठेव, दोरी काढ. दोरीची रस्सीखेच बक्षीस म्हणून मिळायला लागली आणि बुंदी आठवड्यात चार गोष्टी शिकली. तिची अक्कल तेवढीच होती, फक्त किल्ली माझ्याकडे चुकीची होती.

स्वभाव कुठे घडतो

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींचे कुत्रे सारख्या परिस्थितीत वाढवून, तपासून, १९६५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल या दोन अगदी निराळ्या स्वभावाच्या जातींचा संकरही केला होता. काही बाबतींत पिल्लं दोन्हींच्या मधोमध आली नाहीत, एकाच बाजूला झुकली. धान्याचा दाणा आख्खा राहतो तो असा.

पण त्या कामातून घरोघरी उपयोगी पडली ती गोष्ट वेगळीच. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. या काळात ते ज्या माणसांना, आवाजांना, जमिनींना, वासांना सामोरं जातं ते सगळं त्याच्या दृष्टीने 'आपलं' होतं. ज्याच्याशी या काळात गाठच पडली नाही ते पुढे भीतीचं ठरू शकतं. प्रेशर कुकरची शिट्टी, लिफ्ट, रिक्षा, छत्री, दाढीवाले आजोबा, रांगणारं बाळ. लसी पूर्ण व्हायच्या असतात म्हणून पिल्लाला जमिनीवर सोडता येत नाही, पण कडेवर घेऊन बाल्कनीत आणि फाटकापर्यंत नक्की नेता येतं.

ही खिडकी उघडी असते त्यातला मोठा काळ पिल्लू आपल्या घरी आलेलंच नसतं. भारतात २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि हा नियम पिल्लाच्या भल्याचाच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की पहिले महत्त्वाचे पाच आठवडे ते दुसऱ्याच्या अंगणात किंवा दुसऱ्याच्या पिंजऱ्यात घालवतं. दोन पिल्लांची जनुकं सारखी असली, पण एक घरातल्या वर्दळीत वाढलं आणि दुसरं मागच्या शेडमध्ये अंधारात, तर सहा महिन्यांनी त्यांची भावंडं म्हणून ओळख पटणार नाही.

आईचं काय? न्यू जर्सीतल्या 'द सीइंग आय' या गाईड डॉग संस्थेत २३ आया आणि त्यांची ९८ पिल्लं पाहिली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला प्रथम वाचला तेव्हा खरा वाटेना. ज्या आया पिल्लांना सारखं चाटत-कुरवाळत, कुशीत घेऊन बसत, त्यांची पिल्लं पुढे प्रशिक्षणात नापास होण्याची शक्यता जास्त होती. ज्या आया आडव्या पडण्याऐवजी बसून किंवा उभ्याने पाजत, म्हणजे पिल्लांना दुधासाठी थोडी धडपड करावी लागे, त्यांची पिल्लं जास्त यशस्वी ठरली. छोट्या अडचणीला तोंड देण्याची सवय डोळे उघडल्यापासूनच लागत असावी.

मग जात बघायचीच नाही का? २०२२ मध्ये अमेरिकेत एलिनॉर कार्लसन यांच्या गटाने १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुकसंच एकत्र तपासले. त्यात संकरित कुत्रे भरपूर होते, आणि म्हणूनच हे काम आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता आला. माणसाचं ऐकण्याची तयारी या गुणात जातीचा वाटा त्यातल्या त्यात जास्त दिसला. पण संकरित कुत्र्याच्या अंगात लॅबचं रक्त जास्त असलं म्हणून तो माणसांत जास्त मिसळतो, असं मात्र आढळलं नाही. विकणाऱ्याच्या वाक्यातला 'लॅबचा प्रेमळपणा' तिथेच गळून पडतो. लॅब प्रेमळ असतात, त्यात वाद नाही. पण तो प्रेमळपणा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतता येत नाही.

आठव्या महिन्याबद्दल एक इशारा द्यायलाच हवा, कारण आमच्या घरात त्या महिन्यात खूप अश्रू गाळले गेले. पाच महिन्यांची बुंदी 'बस' म्हटलं की बसायची. आठव्या महिन्यात माझ्याकडे बघून निघून जायची, आणि दारात कुरियरवाल्याने 'बस' म्हटलं तर बसायची. आम्हाला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. ब्रिटनमध्ये २०२० साली नेमकं हेच तपासलं गेलं होतं, तेही लॅब, गोल्डन आणि त्यांच्या संकरांवर. आठ महिन्यांचे कुत्रे आपल्या सांभाळणाऱ्याचं ऐकेनासे झाले, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत राहिले. वयात येणाऱ्या मुलांसारखंच. हे दिवस जातात. कित्येक कुत्री याच वयात 'बिघडली' म्हणून सोडून दिली जातात आणि ते मला सहन होत नाही.

घरातला डूडल

काही गोष्टी रोजच्या अनुभवातून सांगते. चटकन शिकणारा कुत्रा वाईट सवयीही तितक्याच चटकन शिकतो. दोनदा भुंकल्यावर दार उघडलं तर तिसऱ्यांदा तो तुम्हाला शिकवत असतो. डूडलचे दोन्ही पूर्वज पाण्यात उडी मारून शिकार तोंडात धरून आणणारे, त्यामुळे पिल्लूपणी चप्पल, ओढणी, हात, सगळं तोंडात जातं. त्यात चावरेपणा नसतो, पण लहान मुलं घाबरतात. आणि दोन्ही जाती माणसाबरोबर काम करायला घडवलेल्या आहेत. घरातले सगळे सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला येणार असतील तर हा कुत्रा नुसता कंटाळत नाही, कासावीस होतो. दारं खरवडतो, एकटा विव्हळत राहतो.

पुण्यामुंबईसाठी केसांचा विचार वेगळा करावा लागेल. न गळणारे केस अंगावरच राहतात आणि त्यांच्या जटा होतात. रोज विंचरणं आणि दर सहा-आठ आठवड्यांनी कापणं आलंच. एप्रिल-मेच्या उन्हात फिरणं पहाटे आणि रात्री. पावसाळ्यात लोंबत्या केसाळ कानांत ओल साचून संसर्ग होतो. रोग कमी होतात म्हणावं तर तेही नाही. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची मूळ जातींशी तुलना केली, बहुतेक आजारांत फरकच दिसला नाही.

पिल्लू बघून मोठेपणीचा स्वभाव ओळखता येतो, असंही कुणी सांगेल. व्हिएन्नात बॉर्डर कॉलीच्या पिल्लांच्या चाचण्या घेऊन मोठेपणी पुन्हा घेतल्या तेव्हा फारसा मेळ बसला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात नवीन जागी किती हुंदडतं, एवढीच एक गोष्ट टिकून राहिली. पिल्लाची आई मात्र मोठी झालेली असते, तिचा स्वभाव समोर दिसतो. म्हणून ताईला मी म्हटलं, पिल्लू नंतर बघ, आधी आईला भेट. अनोळखी माणूस आल्यावर ती काय करते ते बघ. पिल्लं कुठल्या खोलीत वाढतायत ते बघ.

ताई गेली. विकणाऱ्याने आई शेतावर आहे असं सांगितलं, फोटो दाखवला. पिल्लाची जन्मतारीख विचारली तर ते पाच आठवड्यांचं निघालं. ताई मुलांना घेऊन तशीच परत आली, धाकटा वाटभर रडला.

त्यानंतर ती दोघांना दर रविवारी शहराबाहेरच्या एका कुत्र्यांच्या निवाऱ्यात नेते. तिथे मोठी झालेली कुत्री आहेत, ज्यांचा स्वभाव बघता येतो, अंदाज करावा लागत नाही. अजून कुणी घरी आलेलं नाही. धाकट्याने एक वही केली आहे. कुठला कुत्रा हाकेला येतो, कुठला आधी हात हुंगतो, स्कूटर सुरू झाली की कोण पळतं आणि कोण नुसते कान हलवतं, असं लिहून ठेवतो. गेल्या रविवारचं पान ताईने मला फोटो काढून पाठवलं. त्यावर शेवटची ओळ होती, "काळी कुत्री. डबा उघडेना. मग माझ्याकडे बघितलं."